औषध शरीरात किती काळ टिकते?

सन १९९४ च्या सप्टेंबर महिन्यात सुरत शहरात फुप्फुसाच्या प्लेगची वार्ता पसरली आणि अवघ्या काही दिवसांत लाखो माणसे शहर सोडून बाहेर पडली. पोटापाण्यासाठी सुरतेस गेलेली खानदेशातील अनेक कुटुंबे त्यांत होती. मिळेल त्या गाडीने त्यांनी नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, जळगाव गाठले. या दिवसांत सर्वांच्या तोंडी एकाच औषधाचे नाव होते : टेट्रासायक्लीन. औषधांच्या दुकानांतील साठा हातोहात संपला आणि शासनाला बाहेरून तातडीने साठा आणवावा लागला. या साथीत अधिकृत नोंदीनुसार पन्नासहून अधिक माणसे दगावली.

टेट्रासायक्लीन हे प्लेगवर गुणकारी औषध आहे, यात शंका नाही. या गटातील पहिले औषध, ऑरिओमायसीन, १९४८ साली जगापुढे आले. ज्या अमेरिकन प्रयोगशाळेत ते सापडले, तेथील संशोधनाची धुरा आंध्र प्रदेशातील भीमावरम येथे जन्मलेल्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्याकडे होती. परंतु गुणकारी औषध जवळ असणे आणि त्याचा गुण पदरात पडणे, या दोन भिन्न गोष्टी होत. भीतीपोटी एखाद-दुसरी कॅप्सूल गिळून निर्धास्त होणारा मनुष्य औषधाला तावीज समजत असतो. तावीज एकदा बांधला की पुरे असते. औषधाचे तसे नाही. ते शरीरात येते, काही तास थांबते, आपले कार्य करते आणि निघून जाते. त्याच्या येण्याजाण्याचे वेळापत्रक शरीरच ठरवीत असते. डॉक्टर चिठ्ठीवर 'दिवसातून चार वेळा' असे लिहितात, तेव्हा ते हेच वेळापत्रक लिहीत असतात. हे वेळापत्रक कसे ठरते, याची ओळख प्रस्तुत लेखात करून घ्यावयाची आहे.

तोंडापासून रक्तापर्यंत

गिळलेली गोळी जठरात विरघळते आणि मुख्यतः लहान आतड्यातून तिचे शोषण होऊन ती रक्तात उतरते. येथेच पहिली गळती होते. टेट्रासायक्लीन रिकाम्या पोटी घेतले असता त्याचा साधारण ६० ते ८० टक्के भाग रक्तात पोहोचतो. तेच दुधाबरोबर घेतले, तर दुधातील कॅल्शियम औषधाला जखडून टाकते आणि आतड्यातून शोषला न जाणारा संयोग तयार होतो. लोहाच्या गोळ्या व आम्लपित्तावरील पांढरी औषधे यांचाही परिणाम असाच होतो. आपल्याकडे सकाळच्या दुधाच्या चहाबरोबर गोळी घेण्याची सवय घरोघरी आहे. अशा वेळी गोळी पोटात गेली हे खरे, परंतु शरीरात गेली असे म्हणता येत नाही. तिचा बराचसा भाग शौचावाटे जसाच्या तसा बाहेर पडतो.

कॅल्शियमच्या याच ओढीमुळे हे औषध वाढत्या दातांत व हाडांत जाऊन बसते. म्हणून गर्भवती स्त्रियांना आणि आठ वर्षांखालील मुलांना ते सहसा देत नाहीत. दिल्यास मुलांच्या दातांवर कायमचे पिवळसर-तपकिरी डाग पडण्याचा धोका असतो. घबराटीच्या वेळी घरातील सर्वांना सरसकट एकेक कॅप्सूल वाटणे किती अनुचित आहे, हे यावरून ध्यानी येईल.

यकृत : शरीराचा प्रक्रिया-कारखाना

आतड्यांतून निघालेले रक्त सरळ हृदयाकडे जात नाही. ते प्रथम यकृतात जाते. या व्यवस्थेचा अर्थ समजण्यासाठी सुरतेच्या पश्चिमेस, तापीच्या मुखाशी वसलेल्या हजिऱ्याचे उदाहरण घेऊ. मुंबईच्या पश्चिमेकडील समुद्रात, बेसीन क्षेत्रात निघणारा नैसर्गिक वायू नळांवाटे हजिऱ्यास येतो. त्यात हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू मिसळलेला असतो. तेल आणि नैसर्गिक वायू महामंडळाच्या तेथील प्रकल्पात हा विषारी अंश व ओलावा काढून टाकला जातो. मगच तो वायू हजीरा–विजयपूर–जगदीशपूर वाहिनीने उत्तर भारताकडे रवाना होतो. समुद्रातून आलेला वायू जसाच्या तसा पुढे सोडावयाचा नाही, हा तेथील दंडक आहे. यकृताचाही दंडक असाच आहे. आतड्यातून आलेला पदार्थ, मग तो अन्नाचा असो वा औषधाचा, त्याच्या हाताखालून गेल्याखेरीज पुढे जात नाही.

यकृत औषधावर साधारणतः दोन टप्प्यांत काम करते. पुष्कळशी औषधे तेलकट स्वभावाची असतात. ती पाण्यात विरघळत नाहीत, म्हणून लघवीतून बाहेर पडू शकत नाहीत. पहिल्या टप्प्यात यकृतातील विकरे, म्हणजेच एन्झाइम, औषधाच्या रेणूमध्ये ऑक्सिजनचा शिरकाव करून किंवा त्याचा एखादा भाग तोडून त्यात फेरफार करतात. दुसऱ्या टप्प्यात त्या रेणूला शर्करेपासून बनलेले आम्ल, सल्फेट किंवा असाच एखादा पाण्यात विरघळणारा घटक जोडला जातो. असे रूपांतर झालेले द्रव्य एक तर रक्तावाटे मूत्रपिंडाकडे जाते, नाही तर पित्तावाटे आतड्यात उतरून शौचावाटे निघून जाते. सर्वच औषधांना दोन्ही टप्प्यांतून जावे लागते असे नाही. टेट्रासायक्लीनमध्ये तर यकृत फारसा बदल करीतच नाही.

काही औषधांवर यकृताचा पहिलाच हात इतका जबर पडतो की पुढे फारसे काही उरत नाही. छातीत कळ आली असता जी गोळी जिभेखाली ठेवावयास सांगतात, तिचे कारण हेच होय. जिभेखालील रक्तवाहिन्यांतून ती यकृताला वळसा घालून थेट रक्तप्रवाहात मिसळते. तीच गोळी गिळली तर तिचा पुष्कळसा भाग यकृतात खर्ची पडतो आणि आणीबाणीच्या क्षणी हवा तो गुण वेळेवर येत नाही.

याउलट काही औषधांना यकृतच शस्त्रसज्ज करते. व्हायवॅक्स जातीच्या हिवतापात दिले जाणारे प्रायमाक्विन हे याचे उदाहरण आहे. यकृतात त्याचे रूपांतर झाल्यानंतरच ते तेथे दडून बसलेल्या जंतूंचा नाश करते. हे काम एका दिवसात होत नाही. म्हणून या गोळ्या १४ दिवस घ्यावयाच्या असतात. ताप तिसऱ्या दिवशी उतरला म्हणून चौथ्या दिवशी गोळ्या बंद करणाऱ्याला काही आठवड्यांनी तोच ताप पुन्हा गाठतो. मात्र ज्यांच्या रक्तात जी-६-पीडी या विकराची उणीव असते, त्यांच्या तांबड्या पेशी या औषधाने फुटू शकतात. त्यामुळे ते वैद्यकीय सल्ल्यानेच घ्यावे.

पॅरासिटामॉल : ओळखीच्या गोळीचे अनोळखी रूप

यकृताच्या कामातच कधी कधी विष निपजते. ताप व अंगदुखी यांवरील पॅरासिटामॉल ही घराघरांतील गोळी होय. योग्य मात्रेत ती निर्धोक आहे. तिचा बहुतेक भाग यकृतात निरुपद्रवी रूप धारण करतो आणि लघवीवाटे निघून जातो. परंतु तिच्या थोड्याशा अंशापासून एक दाहक द्रव्य तयार होते. ग्लुटाथायोन नावाचा यकृतातील रक्षक पदार्थ त्याला लगेच निष्प्रभ करतो. हा रक्षक पदार्थ अमर्याद नसतो. एका दिवसात प्रौढ माणसाने ४ ग्रॅमहून, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या ८ गोळ्यांहून, अधिक पॅरासिटामॉल घेऊ नये असे सांगतात, ते यासाठीच. उपासमार, अशक्तपणा किंवा नित्याचे मद्यपान यांमुळे ग्लुटाथायोनचा साठा आटलेला असेल, तर मर्यादा याहूनही खाली येते.

खरा घोटाळा नावांमुळे होतो. सर्दीची गोळी वेगळी, अंगदुखीची वेगळी आणि तापाची वेगळी, असे समजून मनुष्य तिन्ही घेतो. वेष्टनावर बारीक अक्षरांत पाहिले तर तिन्हींत पॅरासिटामॉलच असते. अतिमात्रेची इजा लगेच दिसत नाही. पहिल्या दिवशी मळमळ होते, मग थोडे बरे वाटते आणि दोन-तीन दिवसांनी यकृत निकामी होत चालल्याची लक्षणे उमटतात. यावर ॲसिटिलसिस्टीन हा उतारा आहे, परंतु तो आठ तासांच्या आत मिळाल्यास सर्वांत अधिक उपयोगी पडतो. म्हणून चुकून जास्त गोळ्या घेतल्या गेल्या असतील, तर लक्षणांची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

मूत्रपिंड : बाहेर जाण्याचे दार

क्षयरोगाच्या रुग्णाला रिफाम्पिसीन सुरू केल्यावर त्याची लघवी केशरी-तांबडी होते. कोणी आगाऊ सांगितले नसेल तर रुग्ण घाबरतो आणि रक्त जाते आहे असे समजून औषध सोडून देतो. वस्तुतः तो रंग औषधाचाच असतो. औषध शरीरातून बाहेर पडते, याचा इतका ढळढळीत पुरावा दुसरा नाही.

आपली दोन मूत्रपिंडे दिवसाकाठी सुमारे १८० लीटर द्रव गाळतात आणि त्यांतील बहुतेक सर्व पुन्हा रक्तात परत घेऊन केवळ दीड-दोन लीटर लघवी बाहेर टाकतात. या गाळणीतून औषधेही बाहेर पडतात. टेट्रासायक्लीनचा मोठा भाग असाच, मूळ रूपात, लघवीवाटे जातो.

हे दार अडले तर काय होते, हे समजण्यास तापीकाठच्या माणसाला दूर जावयास नको. १९७२ मध्ये पूर्ण झालेल्या उकाई धरणाच्या जलाशयाची पातळी दोन गोष्टींवर अवलंबून असते. एक, वरून येणारे पाणी. दुसरी, खाली सोडलेले पाणी. दोन्हींचा मेळ असेपर्यंत पातळी स्थिर राहते. रक्तातील औषधाची पातळीही अशीच दोन गोष्टींवर ठरते : किती औषध घेतले आणि किती बाहेर पडले. ऑगस्ट २००६ मध्ये वरच्या खोऱ्यातून पाण्याचा लोंढा आला, उकाईतून प्रचंड विसर्ग करावा लागला आणि सुरत शहराचा बहुतांश भाग पाण्याखाली गेला. शरीरात मात्र पूर येण्यास लोंढ्याचीही गरज नसते. मूत्रपिंडे दुर्बल झालेली असतील तर नेहमीचीच मात्रा साठत जाते आणि औषधाची पातळी धोक्याच्या रेषेवर चढते. मूत्रपिंडाच्या रुग्णाला साधे टेट्रासायक्लीन सहसा देत नाहीत, त्याचे कारण हेच. त्याच कुळातील डॉक्सिसायक्लीन मुख्यतः आतड्यावाटे बाहेर पडते. त्यामुळे अशा रुग्णाला ते तुलनेने सुरक्षित ठरते.

हजिऱ्यासारख्या औद्योगिक परिसरात भट्टीजवळ किंवा उन्हात काम करणाऱ्या कामगारांनी येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. घाम फार गेला आणि पाणी कमी प्याले, तर मूत्रपिंडांकडे जाणारा रक्तपुरवठा मुळात घटलेला असतो. अशा वेळी अंगदुखीसाठी डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन यांसारखी वेदनाशामके वारंवार घेतली, तर तो आणखी आवळला जातो. रोज पाळी संपली की एक गोळी, हा परिपाठ पडला असेल तर तो मोडावा आणि दुखण्याचे मूळ डॉक्टरांना दाखवावे.

अर्धायुकालाचे गणित

रक्तातील औषधाची पातळी निम्म्यावर येण्यास जितका वेळ लागतो, त्याला त्या औषधाचा अर्धायुकाल म्हणतात. टेट्रासायक्लीनचा अर्धायुकाल साधारण ६ ते १२ तास असतो. सोयीसाठी आपण तो ८ तास धरू. सकाळी आठ वाजता घेतलेल्या औषधाची रक्तातील पातळी १०० मानली, तर दुपारी चार वाजता ती ५० होईल, रात्री बारा वाजता २५ आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता साडेबारा. पाच अर्धायुकाल लोटले की जेमतेम तीन टक्के उरते. जंतूंची वाढ रोखण्यासाठी पातळी एका विशिष्ट रेषेच्या वर राहावी लागते. ती रेषेखाली उतरण्यापूर्वी पुढची मात्रा शरीरात जावी, एवढ्यासाठीच हे औषध दिवसातून चार वेळा देतात.

डॉक्सिसायक्लीनचा अर्धायुकाल सुमारे १६ ते २२ तासांचा आहे. चोवीस तासांनंतरही त्याचा बराच अंश रक्तात शिल्लक असतो. म्हणून ते दिवसातून एक किंवा दोन वेळाच पुरते. एक औषध दुबळे आणि दुसरे जोरकस, असा याचा अर्थ नव्हे. शरीर एकाला लवकर निरोप देते आणि दुसऱ्याला उशिरा, इतकेच.

आता १९९४ च्या घबराटीकडे पुन्हा वळू. भीतीने घेतलेली एकुलती एक कॅप्सूल दुसऱ्या दिवशी शरीरातून जवळजवळ निघून गेलेली असते. तिसऱ्या दिवशी रोग्याचा संसर्ग झाला, तर तिचा काडीचाही उपयोग नाही. उलट ज्यांचा रोग्याशी निकटचा संबंध आला, त्या नातलगांना व रुग्णसेवकांना हे औषध ठरलेले दिवस, ठरलेल्या वेळी मिळणे अत्यावश्यक असते. फुप्फुसाच्या प्लेगमध्ये लक्षणे दिसू लागल्यापासून सुमारे एका दिवसाच्या आत उपचार सुरू झाला नाही, तर रुग्ण वाचणे कठीण होते. म्हणजे निष्कारण गिळलेली प्रत्येक कॅप्सूल गिळणाऱ्याला वाचवीत नाही, आणि जिला खरी गरज आहे अशा व्यक्तीच्या वाट्याची मात्र ती कमी करते.

सर्वांची शरीरे सारखी नसतात

एकाच मात्रेचा परिणाम सर्वांवर सारखा का होत नाही, याचे उत्तरही निचऱ्याच्या वेगात आहे. क्षयरोगावरील आयसोनियाझिडचे रूपांतर काहींच्या यकृतात झपाट्याने होते, तर काहींच्या यकृतात सावकाश. हा भेद जन्मजात असतो. पहिल्या गटात या औषधाचा अर्धायुकाल सुमारे एक तास असतो, दुसऱ्यात सुमारे तीन तास. सावकाश रूपांतर करणाऱ्यांची संख्या भारतात मोठी आहे. अशा रुग्णांत हातापायांना मुंग्या येण्याचा त्रास अधिक संभवतो. तो टाळण्यासाठी ब-६ जीवनसत्त्वाची गोळी जोडून देतात.

नवजात बालकाचे यकृत पुरते तयार झालेले नसते, तर वृद्धांच्या मूत्रपिंडांचा वेग मंदावलेला असतो. म्हणून या दोघांची मात्रा तज्ज्ञाने ठरविलेलीच असावी. शिवाय एक औषध दुसऱ्याच्या निचऱ्यात ढवळाढवळ करते. रिफाम्पिसीन यकृतातील विकरांची संख्या वाढविते. त्यामुळे संततिप्रतिबंधक गोळ्या, काही मधुमेहाची औषधे आणि डॉक्सिसायक्लीनसुद्धा नेहमीपेक्षा लवकर संपून जातात. एका दवाखान्यातील औषध चालू असता दुसऱ्या दवाखान्यात जाताना आधीची चिठ्ठी बरोबर नेणे, ही केवळ औपचारिकता नव्हे.

डब्यातील उरलेल्या गोळ्या

साथ ओसरली की जपून ठेवलेल्या कॅप्सूल मागे उरतात. टेट्रासायक्लीनच्या बाबतीत हा साठा विशेष घातक आहे. मुदत संपलेले, उष्णतेत व दमटपणात राहिलेले टेट्रासायक्लीन विघटन पावते आणि त्यापासून बनणारी द्रव्ये मूत्रपिंडाच्या सूक्ष्म नलिकांना इजा करतात. जे औषध ज्या दारातून बाहेर पडावयाचे, तेच दार ते मोडते. पत्र्याच्या खोलीत वर्षानुवर्षे पडलेल्या गोळ्या पुढच्या साथीची शिदोरी नव्हेत, हे घरातील कर्त्या माणसांनी ओळखावे.

कामानिमित्त परगावी जाणाऱ्यांसाठी

नंदुरबार, धुळे, जळगाव या जिल्ह्यांतून सुरत, उधना, लिंबायत, दिंडोली व हजीरा या बाजूस कामासाठी जाणे-येणे नित्याचे आहे. प्रवासाच्या गडबडीत औषधाच्या वेळा चुकतात आणि उपचार अर्ध्यावर तुटतो. क्षयरोगाच्या रुग्णांच्या बाबतीत तर अशा खंडामुळे जंतू औषधांना दाद देईनासे होण्याचा धोका असतो. गाव सोडण्यापूर्वी आपल्या आरोग्य केंद्रास तसे कळविल्यास निक्षय नोंदणी क्रमांकाच्या आधारे दुसऱ्या राज्यातही शासकीय केंद्रातून उपचार पुढे चालू ठेवता येतो आणि औषधे विनामूल्य मिळतात.

वाचकांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

१. दिवसातून चार वेळा सांगितलेले औषध शक्यतो समान अंतराने घ्यावे. चारही गोळ्या एकदम घेऊ नयेत.

२. एखादी मात्रा चुकल्यास भरपाई म्हणून पुढची दुप्पट घेऊ नये. काय करावे ते डॉक्टरांना वा औषधविक्रेत्याला विचारावे.

३. टेट्रासायक्लीन दूध, लोह व आम्लपित्ताच्या औषधांबरोबर घेऊ नये. डॉक्सिसायक्लीन पेलाभर पाण्याबरोबर घ्यावे व लगेच आडवे होऊ नये. अन्यथा अन्ननलिकेस इजा होते.

४. दोन गोळ्या एकदम घेण्यापूर्वी दोहोंत तेच औषध नाही ना, हे वेष्टनावर वाचून पाहावे.

५. यकृत वा मूत्रपिंडाचा विकार, गर्भारपण, स्तनपान आणि चालू असलेली इतर औषधे यांची माहिती डॉक्टरांपासून लपवू नये.

६. साथीच्या अफवेवर विसंबून प्रतिजैविके विकत घेऊ नयेत व साठवू नयेत. प्रतिबंधक औषध कोणाला द्यावयाचे, हे आरोग्य यंत्रणेस ठरवू द्यावे.

साथी पुढेही येतील, आणि त्यांच्याबरोबर नव्या औषधांची नावेही लोकांच्या तोंडी बसतील. त्या वेळी दुकानाकडे धाव घेण्यापूर्वी प्रत्येकाने तीन प्रश्न स्वतःस विचारावेत : हे औषध मला हवे आहे काय? ते माझ्या शरीरात किती काळ राहील? आणि ते बाहेर टाकण्यास माझे यकृत व मूत्रपिंड समर्थ आहेत काय? या प्रश्नांची उत्तरे देण्यासाठीच शासकीय आरोग्य केंद्रे आहेत, आणि तेथे विचारणा करण्यास एक पैसाही पडत नाही.